झोळीआधी नागली

आमच्या सुरगाण्याच्या डोंगरात पोराला झोळीत घालण्याआधी नागली, म्हणजे नाचणी, घालतात. पोराच्या वजनाइतकी नागली, पोराला बांधायची तीच गाठ, आणि सकाळी ती झोळी आढ्याला टांगायची. दिवस मावळेपर्यंत गाठ जागची हलली नाही तर कापड पोराचं. हलली तर पायपुसण्याचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून शहरातल्या माणसांना वाटतं, आम्हाला कापडातलं काही कळत नाही.

कुसाबाई आमच्या पाड्यावरची. नऊ पोरं तिने पाठीवर वाढवली, चार स्वतःची, पाच दुसऱ्यांची. यंदा तिची सून वैष्णवी द्राक्षाच्या छाटणीला निघाली होती, चार महिन्यांच्या रुद्रला पाठीशी बांधून. जीप सोमवारी येणार होती. मुलगा राकेश नाशिकला जाऊन द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून झोळीचं कापड घेऊन आला. निळं, चकचकीत, वर पांढरे हत्ती. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, शुद्ध सुती.

कुसाबाईने सहा किलो नागली भरली, गाठ मारली, टांगली. भाकरी थापून होईपर्यंत गाठ सरकत सरकत सुटली. नागली ओटीभर पसरली, कोंबड्या धावल्या. वैष्णवीने मांडीवरच्या रुद्रला घट्ट धरलं.

"नागली होती म्हणून वेचू," कुसाबाई म्हणाली. "पोर असतं तर काय वेचलं असतं?"

दुसऱ्या दिवशी ती ते कापड काखेत मारून नाशिकला त्याच दुकानात निघाली. राकेश शरमेने आला नाही, म्हणून सोबत मी गेलो.

"शेठ, हे सुती नाय."

"मावशी, शंभर टक्के कॉटन. आणि कापलेलं कापड परत होत नाही."

"पैसे कोण मागतंय? सुती दे."

शेठ शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. "गावाकडच्या बायांना रंग दिसला की पुरे. आता धागापण कळायला लागला यांना!"

मी भांडायला पुढे सरसावलो. कुसाबाई मात्र शांतपणे कडेचा धागा उपसत होती. माझ्याकडून काडेपेटी घेऊन तिने तो पेटवला. धागा आकसला, वितळला, आणि टोकाला काळा, टणक मणी राहिला.

"कापूस जळला की राख होते," ती म्हणाली. "तुझ्या कापसाचा मणी झाला. घाल गळ्यात."

गिऱ्हाइकं आता शेठला हसली. "थोडं मिक्स असतं, मावशी," तो आवाज उतरवून म्हणाला. "हल्ली सुती ठेवतंच कोण?"

कुसाबाईने खाली पाहिलं. शेठच्या गादीवर जाड, बिनरंगाचा मांजरपाट अंथरला होता. तिने कडेचा एक धागा उपसला, पेटवला. बोटांत चिमूटभर राख आली.

"तुझ्या बुडाला सुती, अन् आमच्या पोराच्या बुडाला प्लास्टिक? ऊठ!"

आणि शेठ उठला. कपाटाच्या तळातून त्याने त्याच मांजरपाटाचा तागा काढला, मालेगावच्या मागावरचा. म्हणाला, जाड म्हणून कुणी घेत नाही. पण त्याने ते दाखवलं कुणाला होतं? कुसाबाईने त्याची गाठ मारली, एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढलं. मग मान डोलावली. हत्तीचं कापड तिने तिथेच टाकलं.

रविवारी पुन्हा नागली आढ्याला. वैष्णवी तीनदा येऊन गाठ चाचपून गेली. दिवस मावळला तेव्हा गाठ सोडायला कुसाबाईला दात लावावे लागले. मग नागली बाहेर आली आणि रुद्र आत गेला. सोमवारी जीपमध्ये तो आईच्या पाठीवर झोपला होता.

परवा मी द्वारकेवरून गेलो. हत्तीचं निळं कापड दुकानाच्या तोंडाशीच लटकत होतं. खाली पाटी, शुद्ध सुती. चार बाया ते हाताळत होत्या, एकीच्या कडेवर तान्हं होतं. मी रस्ता ओलांडला आणि खिशातली काडेपेटी काढली.