खाण की पाटी

"हिच्याशी घरी बोलत जाऊ नका," मॅडम म्हणाल्या.

हिच्याशी म्हणजे माझ्या पोरीशी. पोर माझ्या मांडीवर बसलेली. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दादरचा बालवर्ग. जुन्या बंगल्याचा तळमजला. पायरी इतकी स्वच्छ की चपलेलाच लाज वाटावी. मॅडम पूर्वी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. इथून निघालेलं पोर मोठ्या शाळेत डोळे मिटून घेतात म्हणे. म्हणून अर्धी सुट्टी टाकून आले होते.

आता माझी ख्याती ऐका. मी बीडीडी चाळीच्या गॅलरीत बोलायला उभी राहिले की वरळीच्या समुद्राला ओहोटी पुढे ढकलावी लागते. परळच्या एका लॅबमध्ये मी रिसेप्शनला आहे. सुईला घाबरणारे पेशंट माझ्या गप्पांत रक्त देऊन जातात, आणि घरी पोचल्यावर "आई गं" म्हणतात. अशी मी.

आणि तीन वर्षांची माझी पोर, माझ्यावर गेलेली. मॅडमनी तिला हत्तीचं चित्र दाखवलं.

"हे काय आहे बाळा?"

पोरीनं डोळे विस्फारले. "आयला! केवढा!"

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. अभिमानानं मी फुटायची बाकी होते. खोलीत मात्र कुणी वारल्यासारखं झालं.

"राहता कुठे आपण?"

"वरळीला."

"वरळीत कुठे?"

"बीडीडीत."

"अच्छा." त्या एका अच्छामध्ये आमच्या सात पिढ्या मावल्या. मग त्यांनी फॉर्मवरचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं.

"राग मानू नका. आमच्या नातवंडांना चांगलं बोलायला शिकवावं लागलं नाही. ते उपजतच असतं. खाण तशी माती." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण मूल म्हणजे कोरी पाटी. तुम्ही जे गिरवाल तेच उमटणार. तेव्हा तीन महिने हिच्यासमोर बोलूच नका. आमचे व्हिडिओ लावा, तेच कानावर पडू दे. मग आणा, बघू."

मी म्हणाले, "हो मॅडम."

मी! दोन शब्द!

अपमान झाला हे मागाहून कळलं. पायरी उतरताना कळली ती भीती. माझ्या जिभेतून पोरीच्या अंगात काहीतरी उतरतंय, विष भिनावं तसं, असं वाटायला लागलं. वाटेत तिनं विचारलं, "आई, हत्ती कुठे गेला?" मी तोंड फिरवलं.

आमच्या चाळीत दार लावलं तर शेजारीण विचारायला येते, कोण आजारी आहे? पोर एका घरी जेवतं, दुसऱ्या घरी झोपतं आणि बोलायला अख्ख्या मजल्याकडून शिकतं. म्हणून मी दारोदार गेले. "पोरीसमोर कुणी बोलायचं नाही. ॲडमिशनचा प्रश्न आहे."

दुसऱ्या कशासाठी सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. पण पोरीच्या शिक्षणाचं नाव काढलं की आमची माणसं श्वाससुद्धा रोखून धरतील. धरलाच त्यांनी. जयभीम नुसता हात वर करून. कोळीण बांगड्यांचा भाव कानात सांगायची, चोरीचे असल्यासारखा. कॅरम खेळणारे क्वीन गेली की ओरडायच्या ऐवजी स्वतःचं मनगट चावायचे. कुकरनं शिट्टी मारली तर त्यालाही चार जण "शूऽऽ" करायचे.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मयताच्या घरात याहून जास्त बोलतात." मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सासूच्या तोंडावर!

बोलायची फक्त मोबाइलमधली बाई. गोड बोलायची, पण पोरीनं मध्येच काही विचारलं तर थांबायची नाही.

पोरीला आधी खेळ वाटला. हसायची. मग माझ्या तोंडात बोटं घालून जीभ ओढायला लागली. "आई, बोल ना. आई, बोल." मी हाताने खुणा करायची. मग ती नुसतं "आई" म्हणायला लागली. मग तेही नाही. पाणी हवं असलं तर माठाकडे बोट.

मी स्वतःला सांगत राहिले, पाटी पुसली जातेय.

एका दुपारी दारात तिचं बोट चेमटलं. नख काळं पडलं. तिनं तोंड उघडलं, एवढं मोठं, आणि आवाजच नाही. डोळ्यांतून धारा. माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबलं.

तेवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

तिला पोटाशी धरून बसले आणि डोकं चालायला लागलं. गप्प बसणं घेऊन कुणी जन्माला येत नाही. पोर आईच्या पोटातून ओरडतच बाहेर येतं. गप्प बसायला शिकवावं लागतं. माझे आजोबा गावात पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना असेच तोंड दाबून जायचे. त्यांनाही कुणीतरी शिकवलं, आणि शिकवून झाल्यावर सांगितलं, तुमच्या रक्तातच आहे ते.

दुसऱ्या दिवशी दादर. पोर कडेवर.

"मॅडम, खाण की पाटी?"

"काय म्हणालात?"

"खाण असेल तर माझ्या गप्प बसण्यानं काय होणार? आणि पाटी असेल, तर तुमची नातवंडं पण कोरीच आली होती. मग उपजत कुठलं? एकच काहीतरी ठरवा. आम्हाला बाहेर ठेवायचं तेव्हा खाण, गप्प बसवायचं तेव्हा पाटी, असं नाही चालणार."

"आवाज चढवू नका."

"हा माझा खालचा आवाज आहे, मॅडम."

खरंच खालचा होता.

"अशानं कुठेच घेणार नाहीत हिला," त्या म्हणाल्या.

मी फॉर्म मागून घेतला. तिथेच फाडला.

पोर अजून बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, बोलेल. कधी, ते सांगत नाहीत. रोज सकाळी तिचं तोंड उघडतं का बघते. मजला पुन्हा बोंबलतोय, मुद्दाम जरा जास्तच. मी तिला हत्तीची गोष्ट सांगते. हत्ती बीडीडीचा जिना चढून आला, तिसऱ्या मजल्यावर अडकला, त्याला काढायला समुद्राला वर यावं लागलं. सांगता सांगता तिचे ओठ हलतात, आणि हात तोंडाकडे जातो. मी तो खाली घेते. पुन्हा जातो. पुन्हा घेते.

तो हात तिचा आहे म्हणून हळू घेते. पुढे दुसऱ्या कुणाचा हात तिच्या तोंडावर आला, मग तो कितीही शिकलेला असो, मी चावेन.

ते मला कुणी शिकवलेलं नाही.