खिळ्याला टांगलेली फणी

मी पहिल्यापासून फटकळ. पण केसांच्या बाबतीत मी फटकळ नव्हते, चक्क माजोरी होते. तेराव्या वर्षी माझी वेणी कमरेच्या खाली दोन बोटं पोचायची. बारामतीशेजारच्या आमच्या जळोचीत बाया एकमेकींना सांगायच्या, केस बघायचे तर त्या अमकीच्या पोरीचे बघा. ते कानावर आलं की मी वेणी पाठीवरून पुढं घ्यायचे. कुणी पाहिली नाही असं वाटलं तर पुन्हा मागं टाकून पुन्हा पुढं घ्यायचे.

वेणी माझी, पण कर्तबगारी सगळी आईची. आईचं माहेर मेंढरं राखणारं. ती लहान होती तेव्हा दारात कळप होता. पुढं कळप गेला, रान आलं, ऊस आला. आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण लोकर हातात घेतली की मेंढराची तब्येत ती न बघता सांगायची. तिचे वडील, म्हणजे आमचे आबा, मेंढरू विकत घेताना लोकर बघत नसत. दोन अंगठ्यांनी लोकर फाकवून आतली कातडी बघायचे. आईनं तेच माझ्या डोक्याला लावलं. दर रविवारी मला पायांत बसवून ती भांग फाकवत जायची आणि टाळू बघायची.

रविवारचं न्हाणं हा आमच्या घरातला कायदा होता. आदल्या दिवशी शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी भिजत पडायची. सकाळी ते उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळायचं. त्या सुमाराला दुकानातून शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. मी एकदा हट्टानं एक पुडी आणली. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "एवढ्याशा पुडीत एवढा फेस? ठिव तिकडं, घोंगडी धुवायला होईल." आणि खरंच तिनं घोंगडी धुतली.

तिचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते. तेल टाळूला लावायचं, केसाला नाही. "झाडाला पाणी पानावर घालत्यात व्हय?" ओल्या केसात कंगवा घालायचा नाही. गुंता वरून ओढायचा नाही, शेंड्याकडून सोडवत वर यायचं. झोपताना वेणी सैल. आणि सगळ्यात मोठा नियम, "दुसऱ्याची फणी डोक्याला लावायची न्हाय, मग ती राणीची का असंना." केस वाळले की शेवटी ती माझ्या टाळूला नाक लावून वास घ्यायची. कोकरू आजारी पडणार असलं तर आधी त्याचा वास बदलतो, असं तिच्या माहेरी मानायचे. वास घेऊन झाला की पाठीत एक हलकी चापट बसायची. म्हणजे पोरगी पास.

आठवीला मला इंदापूरला मुलींच्या वसतिगृहात घातलं. बारामतीची शाळा चालत जाण्यासारखी होती, तरी घातलं. घरी राहिले तर उसाच्या लागणीत आणि खुरपणीत माझी शाळा बुडणार, हे आईनं ओळखलं होतं. जाताना तिनं ट्रंकेत माझी लाकडी फणी आणि शिकेकाईची पिशवी ठेवली, आणि फक्त एवढंच म्हणाली, "तुझी तू हायस आता."

वसतिगृहात आम्ही चाळीसजणी. व्हरांड्यात भिंतीला एक आरसा होता, आणि त्याच्या शेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक फणी. ती सगळ्यांची. घंटा व्हायच्या आधी तिथं रांग लागायची. मी महिनाभर माझीच फणी वापरली. मग पोरी चिडवायला लागल्या. "हिची फणी सोन्याची हाय," म्हणायच्या, "आपल्या डोक्याला लावली तर झिजंल." मला एकटं पडायचं नव्हतं. एका सकाळी माझी फणी ट्रंकेतच राहू दिली आणि खिळ्यावरची घेतली. पुढं तीच सवय झाली.

दिवाळीच्या सुट्टीला महिनाभर राहिला असताना डोकं खाजायला लागलं. एकटीचं नाही, सगळ्यांचं. वर्गात पोरी दोन्ही हातांनी डोकं खाजवायच्या आणि शाळेतल्या बाई तोंड फिरवायच्या. वसतिगृहाच्या रेक्टरबाई शिस्तीच्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या. चाळीस डोक्यांपुढं त्यांनी हात टेकले. एका बुधवारी जेवणाच्या पंगतीत त्या म्हणाल्या, "सोमवारी न्हावी येईल. सगळ्यांचे केस कानापर्यंत. कुणी रडायचं नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडं पोरीबाळींचे केस असे कापत नाहीत. कापले की लोक नाही नाही ते बोलतात. आणि माझ्या वेणीत तर आईचे तेरा वर्षांचे रविवार होते. त्याच दुपारी मी पत्र टाकलं, उवांपायी सगळ्यांचे केस कापणार आहेत, सोमवारच्या आत ये. पत्र वेळेत पोचेल की नाही हेही मला माहीत नव्हतं.

पत्र टाकलं आणि मग दुसरीच भीती धरली. आई येणार, मला पायांत बसवणार, भांग फाकवणार. फणीचा नियम मोडल्याचं तिला पहिल्या बोटाला कळणार. ती येईस्तोवर डोकं साफ करून टाकायचं, असं मी ठरवलं. माझ्या खोलीतल्या एका पोरीच्या घरी बागायत होती. तिनं घरून कागदात बांधून पांढरी पावडर आणली होती, उसाच्या मुळाला हुमणी अळी लागते ना, तिच्यावर टाकायची. "आमच्या वस्तीवर समद्या बाया डोक्यात घालत्यात," ती म्हणाली, "एका दिसात उवा खलास." शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ती मूठभर पावडर टाळूत चोळली आणि वर ओलं फडकं घट्ट बांधून बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

तासाभरात टाळू पेटली. संध्याकाळी ओकारी झाली आणि हात थरथरायला लागले. पोरींनी घाबरून बादलीभर पाणी ओतलं. शनिवारी डोक्यावर फोड उठले आणि त्यातून लस यायला लागली. मी डोक्याला ओढणी गुंडाळून अंग धरलंय म्हणून पडून राहिले. रेक्टरबाईंना काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं आई आली. हातात पिशवी, पिशवीत शिकेकाई, करंजाच्या तेलाची बाटली आणि बाजारातून घेतलेल्या डझनभर लाकडी फण्या. माझं पत्र शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं होतं तिनं. मला वाटलं आधी शिव्या घालेल. तिनं मला जवळ ओढलं, ओढणी काढली आणि टाळूला नाक लावलं.

तिचे हात थांबले ते अजून मला आठवतं.

"कुणी घातलं हे?" तिनं विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

"आमच्या दाजीबानं गोचड्या मराव्या म्हनून कोकराला असलंच चोळलं व्हतं," ती म्हणाली. दाजीबा म्हणजे तिचा थोरला भाऊ. "सांजच्याला कोकरू ताठ झालं." मग तिनं माझा दंड धरला आणि तशीच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी फोड बघितले, पावडर कसली ते विचारलं आणि तिथल्या तिथं मला झापलं. जीव वाचला हे नशीब समज, म्हणाले. डोकं धुवून दिलं, मलम दिलं आणि आईला सांगितलं, केस फोडांना चिकटतायत, हे कापल्याशिवाय जखमा सुकणार नाहीत.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं. न्हाव्यापासून वेणी वाचवायला बोलावलं होतं मी तिला, आणि आता तीच मला कापायला घेऊन चालली होती. आई शेजारी बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता.

"केस पीक हाय," ती म्हणाली. "पीक पुन्यांदा घेता येतं. रान जाळून बसलीस तर काय पेरशील? उठ."

वसतिगृहात येऊन तिनं रेक्टरबाईंकडं शिवणाच्या तासाची मोठी कात्री मागितली. रेक्टरबाई म्हणाल्या, उद्या न्हावी येतोच आहे, तो करील की. "न्हावी नगं," आई म्हणाली. "माझ्या लेकीचं मी कापती." व्हरांड्यात पोतं टाकून तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. मेंढराची लोकर कातरताना करतात तसा डावा तळवा आधी कातडीवर सपाट ठेवायचा आणि कात्री त्या तळव्यावरून चालवायची. कात्रीचं टोक लागलं तर तिच्या हाताला लागणार होतं, मला नाही. एवढ्या फोडांमधून तिनं कात्री फिरवली, पण मला कुठं ओरखडा आला नाही. तिच्या तळव्याला दोन ठिकाणी आला. सगळ्या पोरी गोल करून बघत होत्या आणि मी डोळे मिटून घेतले होते.

वेणी कागदात गुंडाळून तिनं पिशवीत टाकली. मग पदरानं हात पुसले आणि रेक्टरबाईंच्या समोर उभी राहिली. आई कुणा शिकलेल्या माणसासमोर असं बोलताना मी पहिल्यांदा बघत होते.

"बाई, माझ्या लेकीचं ग्येलं. आता बाकीच्या पोरींचं राहू द्या. मला दोन रविवार द्या. उवा निघाल्या न्हाय तर बोलवा तुमचा न्हावी, मी आडवी येत न्हाय."

रेक्टरबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्या डोक्याकडं बघितलं. "दोन रविवार," त्या म्हणाल्या. "तिसरा नाही."

आईनं आरशाशेजारची खिळ्यावरची फणी केव्हाच हेरली होती; पहिलं काम म्हणून तिनं ती तोडून चुलीत घातली. मग दुपारपर्यंत तीन हंडे तापवले. वसतिगृहाचं पाणी मचूळ, त्यात साबणाचा नुसता चिकटा व्हायचा आणि पोरींच्या केसांना चिंचोक्याची खळ लावल्यासारखं व्हायचं. शिकेकाईनं तेच केस पहिल्यांदा मोकळे झाले. तिनं पोरींना ओळीनं बसवून तेल कुठं लावायचं, फणी कुठून कुठं न्यायची, फणी झटकून कढत पाण्यात का बुडवायची, उशीचं फडकं उन्हात का टाकायचं, हे सगळं करून दाखवलं. फण्या डझन आणि ट्रंकेतली माझी एक, एवढ्याच होत्या, म्हणून तीनतीन जणींच्या टोळ्या केल्या आणि बजावलं की एकीची झाली की उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसरीनं घ्यायची नाही. पावडर आणणाऱ्या पोरीला तिनं वेगळी बसवली आणि तिचं डोकं स्वतः धुतलं. तिला एका शब्दानं बोलली नाही.

पाचच्या एसटीला निघताना रेक्टरबाईंनी विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना?"

"लागण चालू हाय, मला न्हाय जमायचं," आई म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "ही बघंल. हिला समदं येतंय."

मला वाटलं, ही माझी चेष्टा करतेय. डोक्यावर मलम, केस बोटाच्या पेराएवढे, आणि मी शिकवणार? पोरी फिदीफिदी हसल्या. पण आई हसत नव्हती. मला तिनं पाठीत चापट मारली, रविवारची.

पुढचा रविवार मी एकटीनं काढला. दर दिवशी संध्याकाळी फणी, रविवारी न्हाणं, सोमवारी पुन्हा फणी. एकेकीचा भांग फाकवताना माझ्या तोंडून आईची वाक्यं जशीच्या तशी निघत होती. झाडाला पाणी पानावर घालत्यात व्हय, असं मी पाचवीतल्या पोरीला म्हणाले तेव्हा माझी मलाच गंमत वाटली. दुसऱ्या रविवारी रेक्टरबाई चष्मा लावून चाळीस डोकी बघत गेल्या. शेवटच्या पोरीचं डोकं बघून झाल्यावर शिपायाला हाक मारून म्हणाल्या, न्हाव्याला निरोप दे, यायचं कारण नाही.

त्याच दुपारी पिंपळीची एक बाई आपल्या लेकीला भेटायला आली. लेक माझ्या पायांत बसलेली, मी तिचा गुंता शेंड्याकडून सोडवत होते. बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, तुझ्याच डोस्क्यावर कायी न्हाय आन माझ्या लेकीला शिकिवतीस व्हय? कुणी भादरलं तुला?"

दोन आठवड्यांपूर्वी कुणी असं विचारलं असतं तर मी ट्रंकेमागं जाऊन रडले असते. मी मान वर करून म्हणाले, "माझ्या आईनं कापलेत. मी डोक्यात हुमणीचा इखार घातला व्हता, तिनं टाळू वाचवली. हात लावून बघा, कुठं ओरखडा हाय का."

बाईनं खरंच हात लावला. माझ्या टाळूवरून तिची बोटं सावकाश फिरली. मग तिनं लेकीचा भांग फाकवला, कानामागं बघितलं, मानेजवळ बघितलं. तिथं एकही लीख नव्हती.

मग तिनं पिशवी बाजूला ठेवली, लेकीला सरकवलं आणि माझ्यापुढं पोत्यावर बसली. अंबाड्यातला आकडा काढला आणि केस पाठीवर सोडले. माझ्या आईच्या वयाची बाई होती ती.

"माझं बी बघ," ती म्हणाली.

मी फणी उकळत्या पाण्यातून काढली, झटकली आणि शेंड्याकडून सुरुवात केली.