दहापैकी सहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासोबत स्टाफरूममध्ये उभं आयुष्य चहा पीत काढलं त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मांजरसुंब्याच्या चौकातून थोडं पुढं गेलं की आमचं कॉलेज. तोवर तिथं फक्त कला शाखा होती, पत्र्याच्या सहा खोल्यांत. त्या जूनमध्ये मात्र नवी इमारत उभी राहिली आणि विद्यापीठानं कंप्युटरच्या पदवीला मान्यता दिली. सात कंप्युटर आले. त्यांना शिवलेली झाकणं, खोलीत थंड हवेची मशीन, दाराला काच, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. उद्घाटनाचा नारळसुद्धा अध्यक्षांनी पार गेटाजवळ फोडला — पाणी उडून मशीन बिघडायला नको! आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण आतून माझी पाचावर धारण बसली होती.

मी लोकप्रशासन शिकवायचो. तात्पुरता. दर वर्षी नवी ऑर्डर, दर वर्षी तीच धाकधूक. ठरावीक पोरं विषयाला बसली तरच माझे तास भरणार आणि तास भरले तरच पद टिकणार. प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, “पोरं आणा, नाहीतर घरी बसा.” आमच्याकडं जून-जुलैत मास्तर लोक शिकवत नाहीत, पोरं गोळा करत फिरतात. ज्याच्या हाती पोराची मूळ टी.सी. लागली, त्याचं पोरगं. ती खिशात घातली की दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा दरवाजा त्याच्यासाठी बंद. ही रीत सगळ्यांना माहीत होती आणि सगळेच ती पाळत होते — पण हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय.

त्या वर्षी सगळ्यांना कंप्युटरचं वेड लागलेलं. लोकप्रशासन कोण घेणार? माझ्या विषयाला एक पोरगं कमी पडत होतं. फक्त एक.

चौकात वैजनाथ नावाचा माणूस पंक्चर काढायचा. त्याची मुलगी संगीता पाटोद्याहून बारावी सायन्स झाली होती. गणितात तिला एवढे मार्क होते की पाटोद्याच्या सरांनी तिच्या बापाला मुद्दाम बोलावून घेऊन सांगितलं होतं. आमच्या नव्या कोर्सला पहिल्या वर्षी मुलींसाठी दहा जागा होत्या, आणि त्या दहा जणींना फी माफ. घरून रोज जाऊन-येऊन शिकता येईल असं तिला आमचंच कॉलेज होतं. तिला तोच कोर्स हवा होता. त्यासाठीच ती थांबली होती.

आणि मी प्रवेश समितीत होतो. मुलींची यादी माझ्याच अक्षरात होती.

मी त्यांच्या घरी गेलो. टायरांच्या ढिगाशेजारी वैजनाथनं माझ्यासाठी खुर्ची टाकली, हात फडक्याला पुसले, चहा मागवला. माझ्यासारखा माणूस घरी आला याचाच त्याला कोण आनंद! संगीता दारात उभी होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन. तिनं विचारलं, “सर, कंप्युटरला लागंल ना नंबर?”

मी म्हणालो, “मुलींच्या जागा भरल्या.”

इतकं सोपं असतं ते. नजरसुद्धा खाली गेली नाही. वर मी लोकप्रशासनाचं गुणगानही केलं — स्पर्धा परीक्षा, तहसीलदार, काय काय. वैजनाथ म्हणाला, “सर, आमाला काय कळतंय त्यातलं. तुमी म्हनाल तसं.” संगीतानं पिशवीतून टी.सी. काढली आणि माझ्या हातात दिली. मी चहा संपवला. चहा चांगला होता, हेही आठवतंय.

त्या दिवशी दहापैकी सहा जागा भरल्या होत्या.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. पोटापाण्याचा प्रश्न माणसाला काहीही करायला लावतो, असं म्हणाल. पण थांबा — अजून झालं नाही.

कॉलेज सुरू झालं. संगीता माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. तास संपला की कंप्युटरच्या खोलीसमोर जायची, काचेला नाक लावून आत बघायची. एकदा तिनं मला व्हरांड्यात गाठलं. “सर, आत पोरी तर सहाच दिसतेत.” मी म्हणालो, “चौघी बीडच्या आहेत. एस.टी.चा पास निघाला की येतील.” तिला ते पटलं. का नाही पटणार? मी सर होतो. “एखांदी न्हाई आली तर मला सांगताल का?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “सांगतो.”

दर आठवड्याला ती नुसतं माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचो — अजून नाही.

मग प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये आले. “मुलींच्या चार जागा रिकाम्या राहतायत, विद्यापीठाला काय तोंड दाखवायचं? कुणाच्या माहितीत एखादी मुलगी असेल तर उद्या दुपारपर्यंत आणा.” माझ्यासमोरच्या ड्रॉवरमध्ये तिची टी.सी. होती. तिच्यावर अजून कार्यालयाचा शिक्कासुद्धा पडला नव्हता. मला एवढंच करायचं होतं — ड्रॉवर उघडायचा. तीन खोल्या पलीकडं ती बसली होती. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर टी.सी. लोकप्रशासनाच्या फॉर्मला टाचून कार्यालयात दिली.

माझे तास भरले. पुढच्या वर्षी पद मंजूर झालं आणि मी कायम झालो. पेढे वाटले तेव्हा तिनंही हात पुढं केला, मी तिच्या हातावर दोन ठेवले.

बी.ए. होऊन संगीता बापाच्या दुकानाला लागूनच झेरॉक्स आणि एस.टी.डी. बूथ चालवू लागली. पुढं एक जुना कंप्युटर घेतला. कुणी शिकवलं नाही, पुस्तक समोर ठेवून स्वतःच शिकली. मराठी टायपिंग एवढं झरझर करायची की आमच्या कॉलेजची कामंही तिच्याकडं जाऊ लागली. आमच्या सात कंप्युटरपैकी पाच तोवर बंद पडले होते.

तेव्हाच कंप्युटरच्या कोर्सला कायम मान्यता द्यायला विद्यापीठाची समिती येणार होती. सुरुवातीपासूनचा सगळा अहवाल हवा होता. अक्षर चांगलं म्हणून तो माझ्याकडं आला. जुनी रजिस्टरं काढली, तक्ते उतरवले, आणि प्राचार्य म्हणाले तसा गठ्ठा घेऊन संगीताकडं गेलो. उतरवताना माझं डोकं कुठं होतं? आकडे आकड्यांसारखे उतरवत गेलो. तिच्या हातात काय देतोय ते मला कळलंच नाही.

ती टाइप करत होती, मी शेजारी स्टुलावर. बाहेर वैजनाथ ट्रकच्या चाकाशी झटत होता. बोटं एकदम थांबली म्हणून मी वर पाहिलं. पहिल्या वर्षाचा तक्ता होता. मुली — मंजूर जागा दहा, प्रवेश सहा. माझ्याच अक्षरात.

तिनं कागद माझ्यासमोर धरला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“सर, हे सहा बरोबर हाय का? बघून घ्या. मंग प्रिंट काढते.”

आवाज चढला नव्हता. ती माझ्याकडं बघत होती — पूर्वी दर आठवड्याला बघायची तशी. काय बोलता आलं असतं मला? पुष्कळ काही. मी म्हणालो, “बरोबर आहे.”

तिनं सहाचा आकडा टाकला आणि पुढची ओळ घेतली. काम झाल्यावर कागदांची चळत नीट करून माझ्या हातात दिली. “वरील माहिती तपासली आहे” अशी शेवटची ओळ होती, तिच्याखाली मी तिथंच, तिच्याच पेनानं सही केली.

दहा जागा होत्या, सहा भरल्या होत्या. चार रिकाम्या होत्या, आणि ते मला माहीत होतं.