दुर्वाबाईंचा पहिला नंबर

मी आजवर देवापुढे पुष्कळ नवस बोलले. यांचा खोकला जाऊ दे, लेकीला चांगलं घर मिळू दे, म्हैस नीट विऊ दे. सगळे फेडले, एकही बाकी ठेवला नाही. पण "बाप्पा, मोबाईलमधल्या खेळात माझा पहिला नंबर येऊ दे, मी दर चतुर्थीला फोनवरच्या खेळाला हात लावणार नाही" असा नवस बोललेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल पाहिली, तर कप खाली ठेवा आणि माझ्याकडे नीट बघून घ्या.

हसा, हसा. पण थोडं हसू राखून ठेवा, पुढे लागेल.

तर झालं असं. आमची पूनम वाशीमला सासरी असते आणि घरी बसून कंपनीसाठी ॲप बनवते. मी तिला विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" तर म्हणाली, "आई, एकच ॲप एकदाच लिहायचं. ते फोनवरही चालते, कॉम्प्युटरवरही चालते अन् टीव्हीले जोडायच्या गेमच्या डब्ब्यावरही चालते."

"म्हणजे कणीक एकदाच मळायची," मी म्हटलं, "मग पोळी लाटा, पुऱ्या तळा, नाहीतर वरणफळं करा."

"हाव! आता हेच मी साहेबांले सांगतो," ती म्हणाली. आता सांगा, कोणत्या आईची मान ताठ होणार नाही?

आणि खेळ कोणता बनवला तिने? हार ओवायचा! वरून फुलं-पानं पडतात, समोर देव असतो. त्याला चालतं तेच ओवायचं. गणपतीला दुर्वा, जास्वंद. महादेवाला बेल. गणपतीच्या हारात तुळस घातली की तुटला धागा! महादेवाला केवडा वाहिला की तुटला धागा! हे सगळं तिला मी सांगितलं. आणि मला कोणी शिकवलं? आमच्या मोठ्या जाऊबाईंनी, मी त्यांना नुसतं बाई म्हणते. मी नवी नवरी म्हणून आसेगावात आले तेव्हा मला नीट वातसुद्धा वळता येत नव्हती. हाताला धरून सगळी पूजा त्यांनी शिकवली. माझ्या घरचं कोणतंही व्रत असो, पहिली ओटी बाईंची, हा माझा नेम. हे लक्षात ठेवा, कारण मी तो मोडायला निघाले होते.

पूनमने गावातल्या बायकांच्या फोनमध्ये तो खेळ टाकून दिला. "खेळा अन् काय चुकते ते सांगा." ॲप आपणहून प्रत्येकीला फुलापानाचं नाव देतं. मला दिलं शेवंती. कोणाला कोणतं नाव मिळालं ते दुसऱ्याला कळत नाही, नंबरांच्या यादीत नुसती नावं दिसतात.

त्याच दिवशी मी तो नवस बोलले आणि आठवड्यात शेवंती पहिली! मी सकाळी देवाला दिवा लावायची आणि लगेच यादी उघडून स्वतःचं दर्शन घ्यायची. हे म्हणायचे, "अगोदर चहा ठेव, मग आपली आरती ओवाळ."

आणि मग आली ती दुर्वा.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी यादी उघडली, तर दुर्वा वर, शेवंती खाली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. महिनाभर घासून घासून अंगठा दुखवून घेतला, तिच्या जवळ पोचले, आणि पुढच्या चतुर्थीला बया पुन्हा वर! शिवाय नाव बघा, दुर्वा! बाप्पाच्या डोक्यावरचं! मला मात्र शेवंती. नावावरूनसुद्धा जळायला लागले मी.

आता तुम्हीच विचार करा. फक्त चतुर्थीला कोण खेळतं? चतुर्थीला घरी कोण असतं? मी तर गाडीने वाशीमला जाते, गणपतीचं दर्शन घेते, दुपारी पूनमकडे फराळ आणि संध्याकाळच्या गाडीने परत. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या घरीच उपास धरतात. आणि कोणत्या देवाला काय चालतं, हे माझ्यापेक्षा जास्त या गावात एकाच बाईला माहीत आहे. सांगा, कोण झाली दुर्वा?

मी देवदर्शनाला जावं आणि यांनी घरी बसून माझा नंबर खावा!

तरी खात्री करून घ्यावी, म्हणून एकादशीला भगरीची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या. हातात फोन. मला बघताच त्यांनी तो उशीखाली सारला. सारला की नाही? मी डोळ्यांनी पाहिलं!

"काय करून राह्यल्या बाई?"

"काही नाही वं, असंच."

"खेळून राह्यल्या असान."

"छे वं! मले कुठं जमते ते!"

"काही लोकांचे बोटं चतुर्थीलेच लय चालतात म्हणे," मी म्हटलं.

"कोणाचे वं? माह्ये तर सकाळपासून सुजले हायेत." आणि बोटं पुढे करून दाखवली. मला वाटलं, बघा, खेळून खेळून सुजली!

एकदा मनात जळण पेटलं की सरपण आपोआप सापडतं. बाईंकडे रोज पूजेला माझ्या अंगणातली जास्वंद जायची. मी निरोप धाडला, यंदा झाडाला कळ्याच नाहीत. हे ओसरीत बसून ऐकत होते. म्हणाले, "कळ्या नाहीत, तर मंग ते लाल लाल काय टमाटे लागले का?"

पूनमला फोन केला. "त्या दुर्वाले काढून टाक यादीतून."

"काहून?"

"लबाडी करते ते."

"अवं आई, कोणालेही असं काढता येते का? अन् ते खेळते लय चांगली. धागा तुटतच नाही तिचा. कंपनीच्या पुण्याच्या लोकांले तिचा खेळ दाखवला मी, खूश झाले ते."

घ्या! माझी लेक, माझी कणीक, माझी फुलं, आणि पुण्यात कौतुक कोणाचं? दुर्वाबाईंचं!

पूनमकडे गेले की मी जरा तिच्या कामाला हातभार लावायची, तेवढंच मनाला बरं वाटायचं. तिने गेमचा डब्बा टीव्हीला लावून ठेवलेला असे. दोन्ही हातांत धरायचं ते यंत्र माझ्या हाती देऊन ती आत कामाला बसायची. "आई, इथं चालते का पाह्य जरा." टीव्हीवर फुलं ही एवढी मोठी, चष्म्याचीही गरज नाही; कोपऱ्यात बारीक काहीतरी लिहिलेलं असे, ते कोण वाचतं! दुपारभर मी हार ओवत बसायची. एकदा तिच्या कॉम्प्युटरवरही ओवले. आता म्हणाल, नवसाचं काय? अहो, नवस फोनवरच्या खेळाचा होता! टीव्हीचा कुठे बोलले होते? आणि तो खेळ थोडाच, ते तर लेकीचं काम.

मग माझ्याकडे वैभवलक्ष्मीचं उद्यापन आलं. शुक्रवारची दुपार. साऱ्या आळीला आमंत्रण दिलं. बाईंचं दार तेवढं सोडलं. निरोप द्यायला निघालेले पाय दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि वळले. हे म्हणाले, "वहिनीले नाही सांगितलं का वं?" मी म्हटलं, "त्यांले कुठं वेळ हाय!"

पूनम त्या दिवशी गेमचा डब्बा घेऊनच आली. म्हणे, एवढ्या बाया एकत्र तपासायला कुठे सापडतील? तिने तो आमच्या टीव्हीला जोडला. कहाणी झाली, आरती झाली, बायका टीव्हीपुढे सरकल्या. ओट्या भरायच्या होत्या, पण माझा हात काही ताटाकडे जाईना. पहिली ओटी कोणाची भरू?

तेवढ्यात दारात बाई! काठी टेकत, हातात नारळ आणि खण.

"निरोप द्याचा इसरली असशीन कामाच्या गडबडीत," त्या म्हणाल्या, "म्हून आपणच आली."

कोणत्याही शहाण्या बाईने इथे पाया पडून विषय संपवला असता. मी काय केलं? सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "या, या दुर्वाबाई! पहिल्या नंबरचा पाट तुमचाच हाय!"

"कोण दुर्वा?" बाई म्हणाल्या.

"आता कायले लपवता? चतुर्थीच्या चतुर्थीले मी बाहेर गेली का माह्या नंबर कोण घेते मंग?"

पूनम टीव्हीजवळून उठली. "आई, काय बोलून राह्यली तू? मोठी आई कशी दुर्वा होईन? हे पाह्य." तिने यादी टीव्हीवर लावली आणि नावापुढचं एक बारीक चित्र मोठं करून दाखवलं. "दुर्वाच्या नावापुढं टीव्हीचं चित्र हाय. म्हणजे ते गेमच्या डब्ब्यावर खेळते. मोठ्या आईकडे डब्बा हाय का?"

"माह्याकडे टीव्हीच बंद हाय दिवाळीपासून," बाई म्हणाल्या.

"मंग कोणाकडे हाय डब्बा?" मी गुरकावले.

पूनम माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, टीव्हीवर पहिल्यांदा खेळली तेव्हा त्यानं इचारलं होतं ना, तुम्ही फोनवर खेळता का? तू काय दाबलं?"

"'नाही' दाबलं."

"काहून?"

"अवं, चतुर्थी होती त्या दिवशी! चतुर्थीले मी फोनवर खेळत नाही. उपासाच्या दिवशी खोटं बोलू का मी?"

पूनमने कपाळाला हात लावला. "अन् कॉम्प्युटरवर?"

"ते पण चतुर्थीच होती."

माझं खरं बोलणं ऐकून त्या ॲपने मला नवी बाई समजून नवं नाव दिलं होतं. दोनदा! पूनमने सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिली दुर्वा: टीव्हीवर, मी. दुसरी शेवंती: फोनवर, मी. तिसरी कण्हेर: कॉम्प्युटरवर, तीही मीच!

हे दारातून म्हणाले, "म्हणजे घरवाली पण तूच अन् तुही सवत पण तूच!"

काय हसल्या हो बायका! एकीचा तर प्रसाद सांडला. मी पदर तोंडावर घेऊन बसले होते. पण डोक्यात आणखी एक किडा वळवळत होता. हळूच बाईंना विचारलं, "बाई, मंग माह्या नवस मोडला का हो? मी तर फोनले हात नव्हता लावला."

"ॲप एकच ना वं?"

"एकच."

"मंग बाप्पाले काय फोन अन् टीव्ही समजत नाही का? त्यानं पहिला नंबर कधीचाच देला तुले. तूच त्याच्यावर जळत बसली."

मी उठले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं आणि पाठीवर अशी एक थाप मारली, अजून आठवते. पहिली ओटी त्यांचीच भरली. तेव्हा त्या कानात म्हणाल्या, "त्या दिवशी फोन लपवला, म्हणून तुले वाटलं का? अवं, मी झेंडू हाओ. सगळ्यांत शेवटची. बोटं सुजतात, धागा तुटते. तुले शिकवणारी मी, तुले कसं दाखवू? पण शेवंती तूच आहे, हे मले तुह्या तोऱ्यावरून समजलं होतं. रोज पाहत होती, वर गेली का नाही ते."

आता मात्र मला रडूच आलं.

पूनमने तिथेच बसून माझी तिन्ही नावं एक केली. दोन नावं यादीतून उडाली, म्हणून खालच्या सगळ्याजणी दोन-दोन पायऱ्या वर सरकल्या. झेंडूसुद्धा! बाईंनी टाळी वाजवली, "पाह्य, न खेळता दोन नंबर वर!" आणि खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी माझ्या पोटात जरासं चावलंच. मी एवढे अंगठे झिजवले, आणि या बसल्या जागी वर?

तेव्हापासून मी नवा नेम धरला आहे. ज्या बाईचा हेवा वाटेल, त्याच दिवशी तिच्या दारी जायचं आणि सरळ तोंडावर सांगायचं, "बाई, मी तुमच्यावर जळून राह्यली." आतापर्यंत एकीनेही हाकललं नाही, उलट बसायला पाट दिला. तेवढं तुम्हीही धरा ना. उपास नको, उद्यापन नको. फक्त जायच्या आधी एकदा खात्री करून घ्या, की ती बाई तुम्हीच तर नाही!