मिठाच्या गादीवरची कालवं

पौषातल्या दुपारी डाळमिलकडून येणारा तुरीच्या टरफलांचा कोरडा, भाजका गंध आमच्या लातूरच्या गल्लीत शिरतो आणि माझ्या ओव्हनमधून दरवळणाऱ्या नानकटाईच्या तुपाळ वासात विरून जातो. त्या दुपारी डबे पोचवून परतताना मात्र कोपऱ्यावरच एक तिसरा वास आला, खारट, ओलसर, करपलेल्या लोण्याआड लपू पाहणारा. आणि घरात काय झालं असेल ते मला पायरी चढण्याआधीच कळलं.

धाकटे दीर विलासभाऊजी आदल्या दिवशी पुण्याहून आले होते, ते थर्माकोलच्या पेटीत बर्फावर निजवलेली कालवं घेऊन. कुठल्याशा हॉटेलात एकदा खाल्लेला पदार्थ त्यांना आम्हाला खिलवायचा होता: उघडलेल्या शिंपल्यात कालव, त्यावर पालक, लोणी, पावाचा चुरा, आणि शिंपला कलंडू नये म्हणून खाली खड्याच्या मिठाची गादी. ज्या गावात नळ यायच्या दिवसाभोवती सगळा आठवडा फिरतो, तिथे त्यांनी साठवलेल्या पाण्याचा नळ धो धो सोडून शिंपले घासले, आणि घासताना आम्हाला समुद्र समजावून सांगितला. कंधारकडच्या शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला हा माणूस पुण्यात राहून स्वतःला किनाऱ्यावरचा समजू लागला होता.

मटण मीही आवडीने खाते. पण आमच्याकडे त्याची चूल अंगणात, त्याची पातेली वेगळी, हे कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय माझी गिऱ्हाइकं बहुतेक लिंगायत. या ओव्हनमध्ये अंडंसुद्धा जात नाही, एवढ्या माझ्या शब्दावर ती माणसं लेकरांच्या वाढदिवसाचे केक नेतात. म्हणून मी भाऊजींना अंगणातली चूल दाखवली. झाकणावर निखारे ठेवले की वरूनही आच लागते, हेही सांगितलं. ते हसले. "वहिनी, तुम्ही कुठल्या काळात राहता?" एवढंच म्हणाले, आणि मी डबे घेऊन बाहेर कधी पडते याची ते वाट पाहत बसले.

मी आत आले तेव्हा ओव्हनचं दार सताड उघडं होतं, ट्रेमधलं मीठ कालवांच्या पाण्याने पिवळं पडलं होतं, आणि माझे यजमान हातात शिंपला घेऊन खाली मान घालून बसले होते.

"सोड्यानं पुसून देतो की," भाऊजी म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

"लई भारी झालंय, खाऊन तर बघ," यजमान पुटपुटले.

मला राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. मला दोघांचीही कीव आली, आणि कीव इतकी थंड असू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुपारभर ते शिंपले चाटत आणि एकमेकांना वाहवा देत राहिले. मी ओव्हनचं बटण बंद केलं आणि त्यावर जुनी चादर टाकली.

दुसऱ्या दिवशी गंगाक्कांच्या नातवाचा वाढदिवस होता. गंगाक्का शेजारच्या किराणा दुकानाच्या मालकीण, माझं सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक. सकाळीच जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं, केक माझ्याकडून होणार नाही हेही सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या शिवलिंगाच्या पेटीवर हात ठेवला.

"म्हंजी मटनच शिजलं म्हन की तुझ्या भट्टीत."

"हाव, अक्का. तसंच समजा."

त्या उठल्या, आत गेल्या आणि एक मोठा कुकर घेऊन आल्या. "ह्यात आजपत्तोर वरनाबिगर काय शिजलं न्हाई. मीठ हाय घरात. हितंच कर."

ओव्हन घ्यायच्या आधी मी असाच केक करायची, कुकरच्या तळाशी खड्याचं मीठ पसरून. गंगाक्कांच्या स्वयंपाकघरात ते पांढरं मीठ हाताने सारखं करताना बोटांना जुनी सवय आठवली. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही आता सांगावं लागेल; त्यातली किती टिकतील, देव जाणे. ती चादर कधी काढायची तेही मी ठरवलेलं नाही.

कोणाला कळणार, असं भाऊजींनी विचारलं तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. कळणाऱ्यांत त्यांनी मला धरलंच नव्हतं.