हेड कॉन्स्टेबल अप्पांचं पहिलं मत

मंडळी, आज मतदानाची सुट्टी आहे, तरी केवळ तुम्हाला ही मेल पाठवायला ऑफिसात आलेय. आमच्या अप्पांनी आज मत दिलं! आयुष्यात पहिल्यांदा!

माझे वडील इथे बंगलोरला पोलिसात हेड कॉन्स्टेबल आहेत. दर निवडणुकीत त्यांचा बंदोबस्त कुठेतरी लांब असायचा आणि टपालाने येणारी मतपत्रिका वेळेवर कधी पोचायचीच नाही. या वेळी ड्यूटी आमच्याच मतदारसंघात, बसवनगुडीतल्या एका शाळेत लागली. अशा वेळी निवडणूक ड्यूटीचा दाखला दाखवून ड्यूटीच्या केंद्रावरच मत देता येतं. अप्पांनी तो आधीच मिळवला होता.

दुपारी मी डबा घेऊन गेले, तर केंद्राध्यक्ष त्यांना म्हणत होते, "तुमचं नाव इथल्या यादीत नाही. बाहेर थांबा."

साहेबांपुढे कधी तोंड न उघडणारे अप्पा म्हणाले, "सर, सगळी नोकरी बाहेरच थांबलो. आज मत देऊ द्या."

रांगेतली एक अक्का कन्नडमध्ये कडाडली, "आमची मतं राखतो, त्यालाच मत नाही?"

तेवढ्यात फेरीवर आलेल्या मोठ्या निवडणूक अधिकाऱ्यांनी दाखला वाचला आणि म्हणाले, "सरी, बरोबर आहे, द्या यांना मतपत्रिका."

अप्पांनी काठी माझ्या हातात दिली आणि आत गेले. बाहेर आले ते शाईचं बोट रांगेतल्या प्रत्येकाला दाखवत! मला तर हसू आणि रडू एकदमच आलं.

अंगावर वर्दी आली म्हणून माणसाचा हक्क कमी होतो का हो? तुमच्या घरी कुणी पोलिसात किंवा सैन्यात आहे? त्यांना कधी मत देता आलंय का?