आईनं रोज पसंत केलेली सून

सकाळी बनशंकरीच्या बाजारात भाजलेल्या कॉफीचा वास आला आणि मी तिथंच उभा राहिलो. माझी बायको सरोजा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

एकसष्ट-बासष्ट सालची गोष्ट. माझी आई सगळं विसरायला लागली होती. आता त्या आजाराला डॉक्टर नाव सांगतात, तेव्हा शेजारीपाजारी भूत लागलं म्हणायचे. थोरला अण्णा तिला मांत्रिकाकडे न्यायलाच आला होता. तेवढ्यात सरोजा कॉफी घेऊन आली.

"कुणाची गं तू पोर? लग्न झालंय?" आईनं विचारलं. रोजच विचारायची.

सरोजानं डोक्यावर पदर घेतला. "नाही हो अजून. आहे का कुणी बघण्यात?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "हा माझा धाकटा. अक्कल स्वल्प कमी आहे, पण लबाड नाही."

"सरी," सरोजानं कानडीत होकार दिला, "चालेल मला!"

आई खळखळून हसली. सरोजा अण्णाकडं वळली. "भावोजी, ह्यात भूत कुठं दिसलं तुम्हाला? विसरतात, एवढंच. त्या इथंच राहतील."

अण्णा कॉफी पिऊन एकटाच परत गेला.

पुढं आई माझं नावही विसरली. सरोजाला मात्र शेवटपर्यंत रोज नव्यानं पसंत करत राहिली. अशी सून दुसऱ्या कुणाच्या घरात असेल, तर आणून दाखवा मला.